बांधला कीं बांधविला? अंदमानच्या तुरुंगाविषयीं एक विचार

मराठी व्याकरणांत प्रयोजक क्रियापद म्हणून एक प्रकरण असतें. बहुतेक विद्यार्थी तें परीक्षेपुरतें पाठ करितात व परीक्षा संपली म्हणजे विसरतात. 'गडी विहीर खणतो' हें साधें वाक्य. 'मालक गड्याकडून विहीर खणवितो' हें प्रयोजक. दुसऱ्या वाक्यांत मालक पुढें आला, तथापि गडी वाक्यांतून नाहींसा झाला नाहीं. 'गड्याकडून' या रूपानें तो तेथेंच उभा आहे. संस्कृत वैयाकरणांनीं या दोघांस निरनिराळीं नांवें दिलीं आहेत. करविणारा तो प्रयोजक कर्ता आणि ज्याच्याकडून करविलें जातें तो प्रयोज्य कर्ता. या दुसऱ्याची विभक्ति बदलली तरी त्याचें कर्तेपण शास्त्रकारांनीं काढून घेतलें नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुष्कळ वर्षें शाळेंत हें प्रकरण शिकवितांना आम्हांस वारंवार असें वाटे कीं, व्याकरणानें जो न्याय पाळला तो इतिहासाच्या पुस्तकांनीं पाळलेला नाहीं.

इतिहासांतील वाक्यें कशीं असतात तें पाहावें. ताजमहाल शहाजहानानें बांधला. आमच्या शिरोळ तालुक्यांतील खिद्रापूरचें कोपेश्वराचें देऊळ शिलाहार राजांनीं बांधलें. शहाजहानानें दगड उचलला नाहीं व कोणा शिलाहारानें टांकी हातीं धरली नाहीं, हें लहान मुलासही कळतें; म्हणून असल्या वाक्यांनीं कोणाची फसवणूक होत नाहीं असें समजून आपण तीं चालवून घेतों. देवळाच्या बाबतींत हें चालेलही. पाथरवटाच्या हातचें कौशल्य तेथील गजथरावर आजही दिसतें, आणि पाहणारा मनांतल्या मनांत त्या अनामिकास नमस्कार करून पुढें जातो. परंतु कांहीं वास्तु अशा आहेत कीं, त्यांच्या बाबतींत 'बांधला' व 'बांधविला' यांमधील एका अक्षरांत हजारों माणसांचें आयुष्य दडलेलें आहे. अंदमानांतील सेल्युलर जेल ही तशांपैकीं एक वास्तु होय.

हल्लीं अंदमानची सहल सुलभ झाली आहे. ज्या समुद्रास लोक 'काळें पाणी' म्हणून भीत असत तो आतां विमानानें कांहीं तासांत ओलांडतां येतो, आणि कृष्णाकांठच्या गांवांतूनही मंडळी मुलांबाळांसह तिकडे जाऊं लागली आहे. ज्या शहरास पोर्ट ब्लेअर म्हणत असत त्याचें नांव २०२४ सालीं श्री विजयपुरम् असें ठेवण्यांत आलें. तेथें जाऊन आलेल्या एका कुटुंबांतील दहा वर्षांच्या मुलीस आम्हीं सहज विचारिलें, "काय गं, तो तुरुंग कोणीं बांधला?" तिनें तत्काळ उत्तर दिलें, "इंग्रजांनीं, आजोबा." उत्तर पुस्तकाप्रमाणें बरोबर होतें, परीक्षेंत पूर्ण गुण मिळण्याजोगें होतें. तथापि तें अपुरें आहे. तें कसें अपुरें आहे व तें पुरें करण्याची जबाबदारी आपणांवर कां आहे, एवढें सांगण्याकरितां हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

अंदमान बेटांवर इंग्रजांची पहिली वसाहत १७८९ सालीं झाली. आर्चिबाल्ड ब्लेअर नांवाच्या अधिकाऱ्यानें ती वसविली. बंदरास त्याचें नांव पुढें मिळालें. रोगराईनें माणसें मरूं लागलीं म्हणून १७९६ सालीं ती वसाहत मोडण्यांत आली, व नंतर साठ वर्षें त्या बेटांची कोणास फारशी आठवण झाली नाहीं. ती झाली १८५७ च्या उठावानंतर. पकडलेल्या शिपायांस ठेवावयाचें कोठें, हा प्रश्न सरकारापुढें पडला, तेव्हां हीं दूरचीं बेटें उपयोगीं पडलीं. १८५८ च्या मार्च महिन्यांत डॉ. जे. पी. वॉकर हा २०० कैद्यांस घेऊन त्या बंदरांत उतरला. पहिला मुक्काम चॅथम नांवाच्या लहानशा बेटावर पडला. तेथें गोड्या पाण्याचा तुटवडा दिसून आला म्हणून लौकरच रॉस बेट पसंत करण्यांत आलें.

या पहिल्या तुकडीचें काम काय होतें? किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत दाट अरण्य, त्यांत बारमाही पाऊस, जळवा आणि हिंवताप. तें अरण्य कुऱ्हाडीनें तोडून स्वतःच्या बंदिवासाला जागा करणें हें त्यांचें काम. कित्येक कैदी जंगलांत पळून गेले. जे परत आले किंवा पकडले गेले त्यांतील ऐंशींहून अधिक जणांस वॉकरनें एकाच दिवशीं फांसावर चढविलें. त्याची ही कठोरता वरच्या सरकारासही रुचली नाहीं. परंतु काम थांबलें नाहीं, कारण नवीन कैद्यांची भर सतत पडत होती.

येथें एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. अंदमान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें देशभक्त येतात. तें योग्यच आहे. परंतु संख्येनें पाहूं गेल्यास, तेथें गेलेल्यांपैकीं फार मोठा भाग साध्या गुन्हेगारांचा होता. खून केलेले, दरोड्यांत सांपडलेले, अशा जन्मठेपेच्या कैद्यांस हिंदुस्थानच्या व ब्रह्मदेशच्या सर्व भागांतून तेथें धाडीत. त्यांत स्त्रियाही होत्या. १९०१ च्या शिरगणतीच्या सुमारास तेथील कैद्यांची संख्या बारा हजारांच्या आसपास होती. प्रत्येकाच्या गळ्यांत एक लांकडी बिल्ला असे. त्यावर त्याचा क्रमांक, शिक्षेचें कलम व शिक्षेच्या तारखा. नांवाचें काम तो बिल्लाच करी.

बारा हजार माणसें केवळ कोंडून ठेवण्याकरितां कोणी समुद्रापार नेत नाहीं. अंदमान हा जसा तुरुंग होता तसाच तो एक प्रचंड कारखाना होता, आणि ही गोष्ट तिकडे जाणाऱ्या प्रवाशांच्या लक्षांत सहसा येत नाहीं. चॅथम बेटावर १८८३ सालीं लांकूड कापण्याची गिरणी निघाली. अंदमानच्या पादौक लांकडाची कीर्ति दूरवर गेली ती या गिरणीमुळें. अरण्यांत झाडें तोडणारे कैदी, ओंडके किनाऱ्याला आणणारे कैदी, गिरणींत करवतीपुढें उभे राहणारेही कैदीच. फीनिक्स बे येथें लोहारकाम, सुतारकाम व यंत्रकाम यांचीं कामगृहें होतीं. डंडास पॉइंट येथें विटा पाडीत व भाजीत. रस्ते, धक्के, होड्या, नारळीच्या बागा, साहेबलोकांचे बंगले, रॉस बेटावरील चर्च, यांपैकीं कशालाही बिनमजुरीच्या हातांवांचून आकार आला नाहीं. व्हायपर बेटावर बेडीवाल्यांचा निराळा तुरुंग होता. तेथील कैदी सांखळीनें एकमेकांस जखडलेले असत. तेथील टेकडीवर फांसघर आहे. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याचा १८७२ सालीं अंदमानांतच खून करणारा शेर अली हाही जन्मठेपेचा कैदीच होता. त्यास व्हायपर बेटावरच फांशीं दिलें.

इतकें असूनही सरकारास अंदमान पुरेसें भयंकर वाटेना! १८९० सालीं लायल व लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनीं तेथील व्यवस्थेची पाहणी केली. हिंदुस्थानांतील तुरुंगापेक्षां कैदी काळ्या पाण्यालाच अधिक पसंत करितात, तेव्हां आरंभींचा काळ त्यांस कडक एकांतांत काढावयास लावावा, असा त्यांच्या अहवालाचा आशय होता. त्यानुसार जी शिडी तयार झाली ती अशी: पहिले सहा महिने एकांताची कोठडी, पुढील दीड वर्ष दुसऱ्या तुरुंगांत इतरांसमवेत कष्टाचें काम, नंतर तीन वर्षें रात्रीं बराकींत कोंडून घेणें व दिवसां बिनमजुरीचें काम, मग पांच वर्षें हलकें काम व थोडासा भत्ता, आणि दहा वर्षें निभावलीं म्हणजे तिकीट मिळून स्वतःच्या पोटापुरती शेती किंवा धंदा करण्याची मुभा. तिकीटवाल्यास लग्न करतां येई, गुरें पाळतां येत. बेट सोडून जातां मात्र येत नसे. वीस-पंचवीस वर्षांनीं सुटका. या शिडीची जी पहिली पायरी, त्या एकांताच्या कोठड्यांकरितां सेल्युलर जेल उभारण्याचें ठरलें.

१८९६ सालीं काम सुरू झालें व १९०६ पर्यंत इमारत उभी राहिली. मध्यें एक मनोरा आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें निघालेल्या सात तीनमजली शाखा. एकंदर सातशेंच्या आसपास कोठड्या. प्रत्येक शाखेच्या कोठड्यांचें तोंड शेजारच्या शाखेच्या पाठीकडे. त्यामुळें कोणाही कैद्यास दुसऱ्या कैद्याचें तोंड दिसूं नये अशी योजना. मनोऱ्यावरच्या एका पहारेकऱ्यास मात्र सर्व शाखांवर नजर ठेवतां येई. ही योजना कागदावर आंखली इंग्रज अधिकाऱ्यांनीं. परंतु पाया खणला, विटा रचल्या, चुना मळला, गज बसविले तें कैद्यांनीं. ज्या कोठडींत आपणासारख्यांस कोंडावयाचें तिची भिंत आपणच ओळंब्यानें सरळ उभारावयाची, आणि ती वांकडी झाली तर शिक्षा सोसावयाची, असा तो दहा वर्षांचा उद्योग. एवंच, या इमारतीविषयीं 'इंग्रजांनीं बांधला' हें वाक्य व्याकरणदृष्ट्याच चुकीचें आहे. इंग्रजांनीं तो बांधविला. बांधला तो कैद्यांनीं.

इमारत पुरी झाल्यावर तिच्या आवारांतही कारखाना निघालाच. काथ्या कुटणें, दोर वळणें आणि तेल गाळणें हीं तेथील मुख्य कामें. तेलाच्या घाण्यास तिकडे कोलू म्हणत. घाणा म्हणजे काय हें आमच्या भागांतील वाचकांस सांगावयास नको. शिरोळ हा उसाचा मुलूख. आज येथें साखर कारखान्यांचीं धुराडीं दिसतात. पूर्वीं मळ्यामळ्यांतून गुऱ्हाळें लागत व चरकाभोंवतीं बैल फिरत. तेल्याच्या घाण्यालाही बैलच, डोळ्यांवर झांपड बांधलेला. पण त्या बैलालासुद्धां कांहीं मान होता. दुपारीं त्यास सोडीत, वैरणपाणी करीत; आणि वर्षांतून एक दिवस, बेंदराच्या सणाला, त्याचीं शिंगें रंगवून, अंगावर झूल घालून, पुरणपोळीचा घांस देऊन त्यास गांवांतून मिरवीत. सेल्युलर जेलमधील कोलूस बैलाच्या जागीं माणूस जोडलेला असे. दिवसाकांठीं तीस पौंड, म्हणजे आजच्या मापानें सुमारें साडेतेरा किलो, खोबरेल तेल निघालेंच पाहिजे असा दंडक होता. तेल कमी भरलें तर हातकड्या घालून तासन् तास उभें करणें, बेड्या, फटके अशी चढती शिक्षा. त्या तेलाचा पैसा अर्थात् सरकारचा.

हें सर्व आपणांस इतक्या तपशिलानें ठाऊक आहे तें राजबंद्यांमुळें. बंगालमधील बारींद्रकुमार घोष, उल्हासकर दत्त प्रभृति मंडळी, आमच्या महाराष्ट्रांतील बाबाराव सावरकर व १९११ सालीं तेथें पोंचलेले त्यांचे बंधु विनायकराव, या सर्वांस काथ्या व कोलू यांचा अनुभव घ्यावा लागला. इंदुभूषण रॉय यांनीं १९१२ सालीं कोठडींत गळफांस लावून घेतला. उल्हासकरांच्या बुद्धीस भ्रम झाला. सावरकर बंधूंस १९२१ सालीं हिंदुस्थानांत परत आणण्यांत आलें, आणि १९२७ सालीं 'माझी जन्मठेप' हें पुस्तक प्रसिद्ध होऊन तो सर्व प्रकार मराठी घरांघरांत वाचला गेला. पुढें दुसऱ्या पिढीचे क्रांतिकारक तेथें गेले. १९३३ च्या उपोषणांत महावीरसिंह, मोहनकिशोर नामदास व मोहित मैत्र यांचे प्राण गेले. १९३८ च्या आरंभापर्यंत राजबंद्यांस परत आणण्यांत आलें. १९४२ ते १९४५ बेटें जपानच्या ताब्यांत होतीं. त्या काळांतील हाल ही एक निराळीच कथा आहे. १९४५ सालीं इंग्रज परत आले व कैद्यांची वसाहत कायमची बंद झाली.

स्वातंत्र्यानंतर त्या इमारतीचे कांहीं भाग पाडण्यांत आले आणि १९६३ सालीं त्याच आवारांत गोविंद वल्लभ पंत यांच्या नांवाचें रुग्णालय सुरू झालें. रुग्णालयास कोण नको म्हणेल? परंतु पूर्वीचे राजबंदी पुढें आले आणि त्यांनीं आग्रह धरिला कीं, या भिंती पाडूं नका. त्या आमच्या साक्षीदार आहेत. त्यांच्या आग्रहास यश आलें. उरलेल्या तीन शाखा व मनोरा राखण्यांत आला आणि ११ फेब्रुवारी १९७९ रोजीं पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्तें तें राष्ट्रीय स्मारक म्हणून देशास अर्पण झालें. ज्यांनीं तेथें यातना भोगल्या त्यांनींच त्या भिंती वांचविल्या, ही गोष्ट फार मोठी आहे. तेथील संगमरवरी शिळांवर राजबंद्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. तीं वाचतांना ज्याचा हात आपोआप जोडला जाणार नाहीं असा मनुष्य विरळा.

आतां प्रश्न असा कीं, ज्यांच्या हातांनीं त्या भिंती उभारल्या त्यांचें काय? राजबंद्यांस नांव होतें, लेखणी होती, मागें उभा राहणारा समाज होता. भिंत रचणाऱ्या कैद्याजवळ यांतलें कांहींच नव्हतें. त्यानें आत्मचरित्र लिहिलें नाहीं. सुटल्यावर पुष्कळदां तो गांवीं परतलाही नाहीं. काळें पाणी ओलांडलेल्यास गांवांत जागा कोठली? त्याची वीट मात्र अजून जागच्या जागीं आहे.

यावर कोणीही सुज्ञ वाचक विचारील कीं, "मास्तर, खुनी व दरोडेखोर यांचें का स्मारक करावयाचें? ज्यांच्या घरचा माणूस त्यांनीं मारला त्या कुटुंबांनीं काय म्हणावें?" हा आक्षेप हलका नाहीं. त्यांत आणखी एका गोष्टीची भर घातली पाहिजे. राजबंद्यांस छळणारे जे जमादार आणि वॉर्डर होते, ते बहुतेक स्वतः कैदीच होते. बढती मिळवून ते दुसऱ्या कैद्यांवर अंमल गाजवीत. तेव्हां सामान्य कैदी म्हणजे निष्पाप जीव असें चित्र आम्ही रंगवूं इच्छीत नाहीं. तें खोटें होईल.

परंतु तीन गोष्टींचा विचार व्हावा. पहिली अशी कीं, गौरव निराळा व स्मरण निराळें. हुतात्म्याचा आपण गौरव करितों, कारण त्यानें जें केलें तें पूज्य होतें. मजुराचें स्मरण करितों, कारण त्यानें जें केलें तें खरोखर घडलें होतें. स्मरणाला पुण्याईचा दाखला लागत नाहीं, सत्य पुरतें. एकाचें नांव देव्हाऱ्यांत राहील, दुसऱ्याचें वहींत राहील. पण वहींतून तें खोडण्याचा अधिकार कोणास नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, शिक्षा भोगल्यावर माणसाचें देणें फिटलेलें असतें. राजदंड भोगलेला अपराधी निर्मळ होतो असा आमच्या स्मृतिकारांचाही अभिप्राय आहे. न्यायाधीशानें त्यास जन्मठेप सांगितली. त्याचे श्रम इतिहासांतून पुसून टाकावे असें कोणत्याही निकालपत्रांत लिहिलेलें नव्हतें. ती जास्तीची शिक्षा मागाहून आपण देत आहों.

तिसरी गोष्ट, सगळेच गुन्हेगार होते हेंही खरें नाहीं. १८५७ चे शिपाई तर नव्हतेच. १९२१ च्या मलबारांतील उठावानंतर शेंकडों मोपले तेथें धाडले गेले. त्यांच्या वस्त्या अजून त्या बेटांवर आहेत. १९२६ पासून संयुक्त प्रांतांतील भांतू जमातीचे लोक नेले. जन्मानेंच माणसास गुन्हेगार ठरविणारा जो कायदा तेव्हां होता, त्याखालीं ही जमात मोडे. स्वतंत्र भारतानें १९५२ सालीं तो कायदा रद्द केला. या सर्वांचे व तिकीटवाल्या कैद्यांचे नातूपणतू आज अंदमानांत शेती करितात, शाळेंत शिकवितात, कचेऱ्यांतून काम करितात. त्यांच्या मुलांनीं आपल्या पणज्याविषयीं काय ऐकावें? तो खुनी होता, एवढेंच? कीं, त्याच्या हातून अपराध घडला, त्यानें तो वीस वर्षें भोगला, आणि ज्या रस्त्यानें तूं शाळेस जातोस तो त्यानें केला, असेंही?

बाहेरच्या जगांतही हा प्रश्न उठलेला आहे. ऑस्ट्रेलियांत पूर्वज कैदी होता ही गोष्ट कुटुंबें पूर्वीं लपवून ठेवीत. आतां तेथील अकरा कैदीस्थळें २०१० सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलीं. त्यांत टास्मानियांतील एक कोळशाची खाणही आहे, जेथें कैदी भूमिगत काम करीत. अमेरिकेंतील उदाहरण आम्हां ऊसवाल्यांच्या विशेष जिव्हारीं लागणारें आहे. टेक्सास संस्थानांत 'शुगर लँड', म्हणजे साखरेची भूमि, या नांवाचें गांव आहे. गुलामगिरी कायद्यानें बंद झाल्यावर तेथील सरकार आपले कैदी उसाच्या मळेवाल्यांस भाड्यानें देऊं लागलें. गुलाम विकत घेतलेला असे, म्हणून धनी निदान त्याच्या जिवाची काळजी घेई; भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळे. पुढें ती पद्धति बंद पडली, साखरेचा कारखानाही २००३ सालीं बंद झाला, गांव श्रीमंत झालें व लोक विसरले. २०१८ सालीं एका शाळेची इमारत बांधण्याकरितां जमीन खणतांना तेथें ९५ माणसांच्या कबरी निघाल्या. सर्व कृष्णवर्णी, त्यांत एक स्त्री. साखर गोड होती, एवढेंच तोंवर सर्वांस ठाऊक होतें.

इतकें दूर तरी कशास जावें? आमच्या दारावरून जी कृष्णा वाहते ती महाबळेश्वरीं उगम पावते. त्याच महाबळेश्वरीं एकोणिसाव्या शतकांत इंग्रजांनीं चिनी व मलायी कैद्यांकरितां एक तुरुंग चालविला होता. तो १८६४ सालीं बंद झाला. पूर्वेकडील वसाहतींतून आणलेल्या या कैद्यांनीं डोंगरावरचे रस्ते केले व भाजीपाल्याचे मळे लाविले. 'चायनामन फॉल' नांवाच्या धबधब्याच्या रूपानें त्यांची एक पुसट खूण उरली आहे. आणि गंमत अशी, गंमत म्हणवत नाहीं, कीं त्याच काळांत आमच्या देशचे कैदी तिकडे सिंगापुरांत नेले जात होते. तेथील सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल ही भव्य इमारत १८५६ नंतरच्या कांहीं वर्षांत हिंदी कैद्यांच्या श्रमांनीं उभी राहिली. त्यांचे लोक इकडे रस्ता खणीत होते, आमचे लोक तिकडे विटा रचीत होते, आणि दोन्ही ठिकाणीं पुस्तकांतलें वाक्य एकच: 'इंग्रजांनीं बांधलें'.

आमच्या घरांतून पितृपक्षांत तर्पण होतें. नरसोबाच्या वाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर त्या दिवसांत उदक देणारांची दाटी असते. आई, वडील, आजोबा, पणजोबा, आप्त, गुरु, अशा सर्वांस नांवगोत्र उच्चारून उदक दिल्यावर शेवटीं एक ओंजळ अशांकरितां सोडावयाची असते कीं, ज्यांस कोणी आप्त नाहीं आणि उदक देणारा कोणी उरलेला नाहीं. ती ओंजळ सोडतांना कोणीही भटजी असें विचारीत नाहीं कीं, ते लोक सज्जन होते कीं दुर्जन. ज्या पूर्वजांनीं हा विधि घालून दिला त्यांस माहीत होतें कीं, नांव असलेल्यांचें स्मरण सगळेच करितात. खरी कसोटी नांव नसलेल्यांपाशीं लागते. आम्हीं सुचवीत आहों तें याहून निराळें कांहीं नाहीं.

मग करावें काय? मागणें फार नाहीं. राजबंद्यांच्या शिळा जेथें आहेत तेथें त्या तशाच असाव्या. त्यांच्या मानांत रतिभरही उणें होऊं नये. परंतु त्याच आवारांत, कोलूच्या जागेजवळ, एक साधी शिळा असावी आणि तिच्यावर एवढेंच असावें कीं, हा तुरुंग १८९६ पासून १९०६ पर्यंत कैद्यांनीं बिनमजुरीनें बांधला. चॅथमच्या लांकूडगिरणींत वनखात्याचें संग्रहालय आहे. तेथील कोरीव लांकडी वस्तु पाहून मन प्रसन्न होतें. तेथेंही तें लांकूड प्रथम कोणीं तोडलें व कापलें हें ठळक अक्षरांत लिहिलेलें असावें. जुन्या दप्तरांत ज्या कैद्यांचीं नांवें सांपडतील तीं एका वहींत उतरून वाचकांस उपलब्ध करावीं. कोणा नातवाला आपल्या पणज्याचें नांव त्यांत सांपडेल.

आणि सरकारी शिळेची वाट न पाहतां आपणांस आजच करतां येण्याजोगी एक गोष्ट आहे. अंदमानास जाणाऱ्या आईबापांनीं कोठडी पाहून झाल्यावर क्षणभर मुलांस भिंतीजवळ उभें करावें, एका विटेवर हात ठेवावयास सांगावें, आणि ही वीट कोणीं ठेविली असेल असा प्रश्न घालावा. शिक्षकबंधूंनीं व भगिनींनीं तो पाठ शिकवितांना क्रियापद तेवढें सुधारून घ्यावें. पुस्तक बदलेल तेव्हां बदलेल. फळ्यावर खडूनें लिहावयास कोणाची परवानगी लागत नाहीं: 'सेल्युलर जेल इंग्रज सरकारानें कैद्यांकडून बांधविला.' यांत दोनही कर्ते आपापल्या जागीं आहेत, आणि व्याकरणाप्रमाणें व न्यायाप्रमाणें वाक्य पूर्ण आहे.